एकाहत्तर : एका वर्षाच्या अभ्यासाची प्रस्तावना

10 मार्च 1971 हा पाचव्या लोकसभेसाठी मतदानाचा शेवटचा दिवस होता. त्याच दिवशी त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनला अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला सात गडी राखून हरवले. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताने जिंकलेली ही पहिलीच कसोटी. निवडणुकांच्या इतिहासात या सामन्याला जागा नसते आणि क्रिकेटच्या इतिहासात मतदानाला. त्या आठवड्यात वर्तमानपत्र उघडणाऱ्या वाचकाने मात्र दोन्ही बातम्या एकाच चहाच्या कपाबरोबर वाचल्या. विषयवार इतिहास लिहिणारे आपण पुढे त्या वाचकाचा दिवस फाडून वेगवेगळ्या कपाटांत ठेवला. एका वर्षाचा अभ्यास करणारा माणूस तो दिवस पुन्हा जुळवून पाहतो. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत करताना कामाचे स्वरूप एवढेच सांगता येईल. बाकीचे एकाहत्तर सालाच्याच आधाराने सांगतो.

असे अभ्यास जगात झालेले आहेत. रे हुआंग यांनी चीनच्या मिंग काळातले 1587 हे वर्ष निवडले, आणि निवडण्याचे कारण हेच की त्या वर्षी म्हणावे असे काही घडले नव्हते. हान्स उलरिश गुम्ब्रेश्ट यांनी 1926 सालावर लिहिताना कालक्रमच मोडीत काढला आणि पुस्तक कोशासारखे नोंदींत मांडले. आपल्याकडे श्रीनाथ राघवन यांनी बांगलादेशाच्या जन्माचा जागतिक इतिहास एकाहत्तर याच आकड्याभोवती उभा केला. तीन पुस्तके, तीन पद्धती. क्रीडा आणि संस्कृती यांना राजकारणाच्या शेजारी, त्याच पंक्तीला बसवणारे काम मात्र अजून बरेच व्हायचे आहे. बहुतेक ग्रंथांत शेवटी ‘कला व क्रीडा’ असे एक प्रकरण जोडलेले असते, लग्नघरी उशिरा आलेल्या पाहुण्याला कोपऱ्यात पाट मांडून द्यावा तसे.

धोक्याची सूचना आधीच देतो. तारखा जुळल्या म्हणून कारणे जुळत नाहीत. गावसकरच्या धावांमुळे कोणी काँग्रेसच्या गाय-वासरावर शिक्का मारला नाही, आणि इंदिरा गांधींना 518 पैकी 352 जागा मिळाल्या म्हणून सरदेसाईची बॅट तळपली नाही. वर्षाभ्यासात बादरायण संबंध जोडण्याचा मोह पावलोपावली होतो. माझ्या मते त्यावर उपाय एकच : दोन क्षेत्रांना जोडणारा खरा माणूस, खरा कागद किंवा खरा पैसा दाखवता आला तरच संबंध मांडावा. नाहीतर घटना शेजारी ठेवाव्यात आणि गप्प बसावे.

असा माणूस एकाहत्तर सालात आहे, आणि त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी.

1970 च्या सप्टेंबरात संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचे विधेयक राज्यसभेत अगदी काठावर पडले. सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेतली. 15 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बेकायदा ठरवला. बाराच दिवसांनी, 27 डिसेंबरला, लोकसभा मुदतीच्या वर्षभर आधी विसर्जित झाली. ‘गरिबी हटाओ’ ही घोषणा या पार्श्वभूमीवर ऐकली पाहिजे. ती भुकेल्या माणसासाठी तर होतीच, पण राजेरजवाडे आणि त्यांच्या बाजूने निकाल देणारे न्यायालय यांच्याकडेही तिचा रोख होता.

आता क्रिकेट. मन्सूर अली खान पतौडी हे पतौडी या छोट्या संस्थानचे नवाब आणि जवळजवळ दशकभर भारताचे कर्णधार. जानेवारी 1971 मध्ये निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वाडेकरांच्या पारड्यात टाकले आणि कर्णधारपद दादरच्या, स्टेट बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाकडे आले. पतौडींनी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर जायचे नाही असे ठरवले. त्यांनी मग काय केले? राव बिरेंद्र सिंह यांच्या विशाल हरियाणा पक्षातर्फे गुडगावमधून लोकसभेची निवडणूक लढवली. त्यात ते सपशेल हरले. तनखे वाचवण्याची लढाई आणि कर्णधारपद गमावल्याची सल या दोन गोष्टी त्यांच्या मनात किती मिसळल्या होत्या, हे सांगणे अवघड आहे. पण ज्या दिवसांत ते मते मागत होते त्याच दिवसांत त्यांचा संघ त्यांच्याशिवाय कॅरिबियन बेटांवर इतिहास घडवत होता, ही नुसती योगायोगाची गंमत नाही. वर्ष संपता संपता, 28 डिसेंबरला, सव्विसावी घटनादुरुस्ती अमलात आली. तनखे गेले, किताब गेले. पुढच्या मोसमात इंग्लंडविरुद्ध पतौडी पुन्हा भारताकडून खेळले तेव्हा धावफलकावर नाव होते मन्सूर अली खान, आणि कर्णधार होते वाडेकर.

ही कथा घटनात्मक इतिहासाची की क्रिकेटच्या? ती दोन्हींची आहे, आणि म्हणूनच ती दोन्हींकडे नीट सांगितली जात नाही. नव्या अभ्यासकाने अशी माणसे शोधावीत. ती थोडी असतात, पण असतात.

वाडेकरांच्या निवडीकडे ‘नवाबाकडून कारकुनाकडे’ अशा सूत्रातून पाहण्याची पद्धत पडली आहे. सूत्र आकर्षक आहे, पण अर्धेच खरे आहे. शिवाजी पार्क, दादर युनियन, पोद्दार कॉलेज, बँकांचे संघ, कांगा लीग ही मुंबईची घडी पन्नास-साठच्या दशकापासून बसत आली होती. एकाहत्तर सालाने ती जगाला दाखवली एवढेच. त्या संघात पी. जे. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर होता, मडगावहून आलेले दिलीप सरदेसाई होते, आणि चार कसोटींत 774 धावा करणारा एकवीस वर्षांचा गावसकर होता. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत सरदेसाईंनी द्विशतक ठोकले आणि वाडेकरांनी सोबर्सच्या संघाला चक्क फॉलोऑन दिला. पहिला दिवस पावसाने गेल्यामुळे तेवढी आघाडी त्यासाठी पुरते, हा नियम सोबर्सना समजावून सांगावा लागला अशी आठवण अनेकांनी लिहिली आहे. मात्र मुंबई काय चीज होती हे पाहायचे तर त्याच मोसमातला रणजी अंतिम सामना बघावा. सगळे मोठे खेळाडू वेस्ट इंडीजमध्ये, मुंबईचा संघ सुधीर नाईक यांच्या हाती, समोर बोर्ड्यांचा महाराष्ट्र. आणि करंडक तरीही मुंबईकडेच. या सामन्यावर कोणी सविस्तर लिहील तर मला फार आनंद होईल.

वर्ष म्हणजे नक्की कोणते, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. अर्थखात्याचे वर्ष एप्रिलला सुरू होते, शेतकऱ्याचे मृगाला, मराठी घराचे पाडव्याला, क्रिकेटचे हिवाळ्यात. त्या वर्षी पाडवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला. त्याच्या एक-दोन दिवस आधी, 25 मार्चच्या रात्री, पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली होती. जनगणनेचेही असेच. एरवी तिची संदर्भ-तारीख 1 मार्च असे. मध्यावधी निवडणुकीमुळे ती 1 एप्रिलवर ढकलावी लागली. देशाने आधी मते मोजली, मग माणसे मोजली. ती 54.8 कोटी भरली. त्यात पूर्वेकडून येणारे निर्वासित धरलेले नाहीत. वर्ष सरेपर्यंत त्यांची संख्या कोटीच्या घरात गेली.

दिवाळी अंकांची बाब तर खास मराठी अभ्यासकासाठी आहे. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यानंतर होती. म्हणजे मजकूर ऑगस्ट-सप्टेंबरात छापखान्यात गेलेला. युद्ध सुरू झाले 3 डिसेंबरला. म्हणजे एकाहत्तरच्या दिवाळी अंकांत निर्वासितांचे लोंढे असू शकतात, रशियाशी 9 ऑगस्टला झालेला करार असू शकतो, ओव्हलवरचा विजयही असू शकतो. ढाक्याची शरणागती असू शकत नाही. शेवट ठाऊक नसलेल्या माणसांचे लेखन वाचण्याची ही दुर्मीळ संधी आहे. आपण सारे ते वर्ष 16 डिसेंबरच्या शरणागतीकडून मागे वाचत येतो. 93 हजार युद्धकैदी, भारताच्या जनरल अरोरांसमोर सही करणारे पाकिस्तानचे जनरल नियाझी, हे छायाचित्र डोळ्यांसमोर असले की एप्रिल-मेमधली घालमेल दिसेनाशी होते. दिवाळी अंक ती घालमेल जपून ठेवतात.

निर्वासितांच्या प्रश्नावर सरकारी अहवाल आहेत, संयुक्त राष्ट्रांची कागदपत्रे आहेत, ती वाचावीतच. पण सामान्य घरापर्यंत तो प्रश्न कसा पोचला हे पाहायचे असेल तर पाच पैशांचे एक तिकीट हातात घ्या. 15 नोव्हेंबर 1971 पासून नेहमीच्या टपालखर्चावर पाच पैशांचे निर्वासित साहाय्य तिकीट लावणे बंधनकारक झाले. नवे तिकीट छापून होईपर्यंत काय करायचे? टपालखात्याने जुन्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ असे शब्द उमटवले. घाई इतकी की काही ठिकाणी स्थानिक पातळीवरच शिक्के मारून वेळ भागवली, आणि त्यामुळे ही तिकिटे आज संग्राहकांच्या जिव्हाळ्याचा विषय झाली आहेत. ज्या जुन्या तिकिटावर हे शब्द उमटले ते होते कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचे, लाल त्रिकोणाचे. एका बाजूला आपली माणसे कमी करण्याची विनंती आणि तिच्यावरच दुसऱ्यांच्या माणसांसाठी मागितलेले पाच पैसे! कोणा कारकुनाने हा विचार करून केले असेल असे वाटत नाही. हाताशी जे तिकीट होते ते घेतले. पण सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या गावी पत्र टाकणाऱ्या माणसाचाही बोनगावच्या छावणीशी पैशाचा संबंध जोडला गेला तो अशा तिकिटातून. युद्ध संपले, निर्वासित परतले, आणि हा भार 1973 च्या मार्चपर्यंत चालूच राहिला.

याच प्रश्नात संस्कृती आणि खेळ कसे ओढले गेले हे पाहण्यासारखे आहे. 1 ऑगस्टला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशासाठी मैफल केली. अली अकबर खान सरोदवर, अल्लारखा तबल्यावर. सुरुवातीला वाद्ये जुळवली जात होती तेव्हाच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि नुसते जुळवणे इतके आवडले तर वादन आणखी आवडेल अशा अर्थाचे रविशंकरांनी हसत सांगितले. हा प्रसंग सगळ्यांना माहीत आहे. स्वाधीन बांगला फुटबॉल संघ त्या मानाने कमी माहीत आहे. जुलैच्या अखेरीस नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरला हा संघ उतरला, तेव्हा भारताने बांगलादेशाला मान्यताच दिलेली नव्हती. तरी मैदानावर त्याचा झेंडा फडकला आणि जिल्हाधिकाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. पुढे हा संघ निधी गोळा करत देशभर फिरला, आणि मुंबईत त्याच्याविरुद्ध फुटबॉल खेळायला उतरले ते दुसरेतिसरे कोणी नसून पतौडी. पहिली विश्वचषक हॉकी स्पर्धा लाहोरला व्हायची होती, ती बार्सिलोनाला हलवावी लागली. तिथे ऑक्टोबरात उपांत्य सामन्यात पाकिस्तानने भारताला 2-1 असे हरवले. पुढच्या सहा आठवड्यांत दोन्ही देश रणांगणावर होते.

एक नाव मराठी वाचकासाठी मुद्दाम सांगतो. पूर्व पाकिस्तानातल्या हत्याकांडाची जगाला खात्री पटवणारा लेख 13 जून 1971 च्या ‘संडे टाइम्स’मध्ये आला. तो लिहिणारे अँथनी मॅस्करेन्हस गोवन कुटुंबातले, जन्म बेळगावचा, पत्रकारी कराचीची. लेख छापण्याआधी त्यांना बायकामुलांसह पाकिस्तान सोडावे लागले. बेळगाव म्हटले की आपल्याकडे चर्चा सीमाप्रश्नाच्या ठरलेल्या वळणाने जाते. या मुलाची आठवण तिथे क्वचित निघते.

ओव्हलबद्दल थोडक्यात, कारण त्यावर उदंड लिहून झाले आहे. 24 ऑगस्टला गणेशचतुर्थी होती. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणली गेली होती. चंद्रशेखरने 38 धावांत सहा बळी घेतले होते, इंग्लंड 101 धावांत गडगडले होते, आणि 173 धावांचे लक्ष्य भारताने सहा गडी गमावून गाठले. संघ परतला तेव्हा विमान आधी दिल्लीला नेण्यात आले, पंतप्रधानांच्या भेटीसाठी. सत्तेला खेळाडूंच्या शेजारी उभे राहण्याची गोडी लागली ती तेव्हापासून, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ही गोडी फार जुनी आहे. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते हे की मुंबईत तेव्हा दूरदर्शन नव्हते, ते 1972 च्या ऑक्टोबरात आले. हा विजय लोकांनी पाहिला नाही, ऐकला. जे ऐकले जाते त्याची आठवण वेगळी साठते, आणि तोंडी इतिहासाच्या मुलाखती घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. रेडिओ कोणाचा होता, कोण कोणाच्या दारात उभे राहिले, हे विचारले की माणसे बोलू लागतात.

संस्कृतीच्या बाबतीत एकाहत्तर म्हटले की हृषीकेश मुखर्जींचा ‘आनंद’ आणि राजेश खन्नाची लाट हे ओघाने येते. मराठीत मात्र त्याच वर्षी दोन टोकांचे दोन चित्रपट आले. सत्यदेव दुबे यांनी तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ पडद्यावर आणले. आणि दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ आला. सोंगाड्याला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा मिळेना, हिंदी चित्रपटाला ती हवी होती, तेव्हा शिवसेनेने दंडेलीने ती मिळवून दिली. हा प्रसंग कोंडक्यांच्या विनोदाइतकाच चवीने सांगितला जातो. समाजवादी सेवादलाच्या कलापथकातून आलेला, वसंत सबनिसांच्या वगनाट्यात गाजलेला नट, आणि त्याच्या पाठीशी समाजवाद्यांचे वावडे असलेली संघटना! मराठी सांस्कृतिक राजकारण समजून घ्यायला याहून चांगला धागा नाही. ‘शांतता’ला असा कोणी वाली लागला नाही, लागणारही नव्हता. अभ्यासकांनी पुढे ‘शांतता’ला कलेच्या इतिहासात आणि ‘सोंगाड्या’ला तिकीटबारीच्या इतिहासात टाकून दिले. ते एकाच शहरात एकाच वर्षी लागले होते, आणि दोन्ही पाहिलेली माणसे नक्कीच असतील.

त्या वर्षीचा मराठीसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार दुर्गा भागवत यांच्या ‘पैस’ला मिळाला. चार वर्षांनी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या त्या याच दुर्गाबाई.

आणि इथे या अभ्यासात मला सर्वांत मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टीकडे येतो. लोकांच्या मनात एकाहत्तर हे विजयाचे साल आहे, आणि ते खोटे नाही. पण त्या वर्षातले जे सर्वांत जास्त काळ टिकले ते मैदानावर किंवा रणांगणावर घडलेले नाही, ते फायलींत आहे. रायबरेलीत राजनारायण इंदिरा गांधींकडून एक लाखाहून अधिक मतांनी हरले आणि एप्रिलमध्ये त्यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. बलराज मधोक तर मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया झाल्याचा दावा करत होते, आणि हरलेल्यांच्या तक्रारींना लोक हसत होते. जुलैमध्ये अंतर्गत सुरक्षेचा ‘मिसा’ कायदा झाला. 3 डिसेंबरला, पाकिस्तानी विमानांचा हल्ला झाला त्या रात्री, आणीबाणी पुकारली गेली. युद्ध तेरा दिवसांत संपले, ती आणीबाणी उठली मार्च 1977 मध्ये. म्हणजे 25 जून 1975 ला जी आणीबाणी आली ती आधीच चालू असलेल्या एका आणीबाणीच्या डोक्यावर आली. आणि तिचे निमित्त होते राजनारायण यांची ती याचिका, तिचे हत्यार होते तो मिसा. तिन्ही कागद एकाहत्तरमध्ये तयार झाले, तेही देश आनंदात असताना, आणि बहुतेकांना मान्य असलेल्या कारणांसाठी.

जनगणनेचे आकडेही असेच चिवट. आज कोणत्या राज्याला लोकसभेत किती जागा, हे अजून 1971 च्या लोकसंख्येवरच ठरलेले आहे. 1976 मध्ये तो आकडा गोठवला आणि 2001 मध्ये ती मुदत आणखी वाढवली. महाराष्ट्राचे 48 खासदार जिथे जिथे मोजले जातात तिथे तिथे एकाहत्तर सालची माणसे मोजली जात असतात.

विजयाच्या प्रकाशात जे झाकले गेले त्याचीही दखल घ्यावी. कलकत्त्याच्या गल्ल्यांत त्या वर्षी नक्षलवादी तरुण आणि पोलीस यांच्यात जे रक्त सांडले ते आपल्याकडच्या आठवणींत जवळजवळ नाही. ऑक्टोबरच्या शेवटी ओडिशाच्या किनाऱ्यावर आलेल्या चक्रीवादळात हजारो माणसे गेली. 9 डिसेंबरला दीवजवळ ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली, कॅप्टन मुल्ला आणि 193 जणांसह. देशाचे अन्नधान्य उत्पादन 1970-71 मध्ये 10.8 कोटी टनांवर गेले म्हणून दिल्लीत समाधान होते. त्याच सुमारास मराठवाड्यात आणि सोलापूर-नगरकडे पावसाने पाठ फिरवायला सुरुवात केली होती. बहात्तरचा दुष्काळ म्हणून आपण जो ओळखतो त्याची मुळे एकाहत्तरच्या कोरड्या विहिरींत आहेत. वसंतराव नाईक सरकारच्या त्या वर्षीच्या जिल्हावार नोंदी कोणी विजयाच्या बातम्यांशेजारी ठेवून वाचलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत.

कामाला सुरुवात कुठून करावी असे विद्यार्थी विचारतात. मी त्यांना सांगतो, एक आठवडा निवडा, वर्ष नको. ग्रंथालयात जाऊन त्या आठवड्याचे एका वृत्तपत्राचे सगळे अंक मागा, आणि पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळे वाचा. बाजारभाव, नाटकांच्या जाहिराती, रेडिओचे कार्यक्रम, निधनवार्ता. त्यानंतर त्याच आठवड्याचे राजपत्र, विधिमंडळाचे कामकाज, आणि जमल्यास जिल्ह्याच्या गावचे एखादे साप्ताहिक. संगणकावर शब्द टाकून शोधणाऱ्याला जे हवे तेच सापडते. पाने उलटणाऱ्याला शेजारचे सापडते, आणि आपला धंदा शेजारच्यावरच चालतो. जुन्या बांधीव खंडांचे कागद आता बोटांत चुरा होतात, म्हणून परवानगी असेल तिथे छायाचित्रे घ्या, आणि अंकाची तारीख व पान क्रमांक त्याच वेळी लिहून ठेवा. घरी येऊन आठवत नाही.

आठवडा कोणता घ्यावा हे मी सहसा सुचवत नाही, पण कोणी फारच आग्रह केला तर 6 ते 12 मार्च सांगतो, किंवा दिवाळीनंतरचा तो ओस आठवडा, ज्यात काहीच घडले नाही असे सगळे समजतात. दुसरा घेणारे विद्यार्थी जास्त चांगले लिहितात.